बॉयलरच्या काचेतलं पाणी

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक बाई दर ऑगस्टमध्ये फोन करतात. "दामले काका, यंदा तरी बॉयलरचे किस्से लिहा ना, लोकांना मजा येते." मी दर वर्षी सबब सांगतो. एकदा डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एकदा पुतणीचं लग्न होतं, एकदा तर मी सरळ म्हणालो की माझा पेन सापडत नाही. खरं कारण वेगळंच होतं. किस्से लिहायला बसलो की जर्सी सिटीतल्या एका इमारतीचा किस्सा लिहावा लागेल, आणि तो मी जसा सगळ्यांना सांगितला तसा घडलेला नाही. त्यात एका चांगल्या माणसाचं नाव माझ्यामुळे खराब झालं. हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी ती गोष्ट ऐकली असेल, आणि ज्यांनी ऐकली त्यांनी ती माझ्याच तोंडून किंवा माझ्या नावावर ऐकली असेल.

ती आज दुरुस्त करतो. पण त्याआधी बॉयलर म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. आणि खरं सांगू का, बॉयलरबद्दल बोलायला मला अजूनही फार आवडतं. बायको म्हणते, पाहुणे उठेपर्यंत बोलतो.

इकडे मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की पहिला प्रश्न "कुठे असता?" म्हणजे कुठल्या कंपनीत. मी म्हणायचो, "तळघरात." समोरचा हसायचा आणि मग मी खरंच तळघरात असतो हे कळल्यावर विषय बदलायचा. मी सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. तो दुमजली घराएवढा होता. बहिणीने इकडे बोलावलं आणि पहिल्यांदा न्यू जर्सीतल्या घरातला बॉयलर पाहिला तेव्हा मी विचारलं, "हा मुलांना खेळायला दिलाय का?" कपडे धुण्याच्या मशीनशेजारी निमूट उभा होता बिचारा. पुढची एकोणतीस वर्षं मी त्याच्याच जातीच्या हजारो बॉयलरांपुढे गुडघे टेकले.

ज्यांच्याकडे छतातल्या किंवा जमिनीतल्या जाळीतून गरम वारा येतो, त्यांच्याकडे बॉयलर नाही, फर्नेस आहे. तो माझा विषय नव्हे. बॉयलर हवा तापवत नाही, पाणी तापवतो. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधून नळी, नळीत निखारे, भोवती पाणी. घरातला बॉयलर म्हणजे तोच बंब, फक्त ओतीव लोखंडाचा, खाली निखाऱ्यांऐवजी गॅसची किंवा तेलाची ज्योत, आणि त्यातलं पाणी आंघोळीला न जाता घरभर फिरून पुन्हा तिथेच येतं. ते वाफ होऊन फिरतं की पाणी म्हणूनच फिरतं, एवढ्यावर त्याची जात ठरते.

वाफेचे बॉयलर सगळ्यांत जुने. जर्सी सिटीतल्या शंभरी गाठलेल्या विटांच्या इमारतींत अजून आहेत. मी म्हणतो ती इमारत अशीच होती. सहा बिऱ्हाडं, त्यांतली तीन आपली. तिसऱ्या मजल्यावर नचिकेत नावाचा पुण्याचा मुलगा राहायचा, मॅनहॅटनला एका बँकेच्या आयटीत. त्या हिवाळ्यात त्याची आई आली होती. देशपांडे काकू. तळघरातल्या दोन खोल्यांत मेश्रामजी आणि त्यांच्या पत्नी. मेश्रामजी त्या इमारतीचे सुपर होते. सुपर म्हणजे इमारत सांभाळणारा माणूस: बर्फ काढायचा, कचरा बाहेर ठेवायचा, नळ दुरुस्त करायचे आणि बॉयलर जपायचा. त्याच्या बदल्यात राहायला जागा.

एक दिवस मेश्रामजींचा फोन आला. "दामले साहेब, तिसऱ्या माळ्यावर रेडिएटर ठोकून राहिला जी. एकदा येऊन पाहा."

वर गेलो. देशपांडे काकू म्हणाल्या, "रोज सकाळी हीट सुरू झाली की ठण ठण ठण. मला वाटलं वरचे लोक मसाला कुटतायत."

"आई, वर कोणी नाही. वर गच्ची आहे," नचिकेत म्हणाला.

"मग मसाला कोण कुटतंय?"

मी रेडिएटरखाली वाकून पाहिलं. पायाखाली लाकडाच्या दोन चकत्या, अगदी मापात कापलेल्या.

"या कोणी लावल्या?"

"मी, काका," नचिकेत म्हणाला. "तो तिरका होता. फोनवर ॲप लावून चेक केलं तर दोन डिग्री ऑफ. मी परफेक्ट लेव्हल केला."

दारात उभे असलेले मेश्रामजी भिंतीकडे तोंड करून हसत होते.

गंमत अशी की वाफेच्या जुन्या रचनेत रेडिएटरला एकच पाइप असतो. त्यातूनच वाफ वर येते, रेडिएटरात थंड होऊन तिचं पाणी होतं आणि ते पाणी त्याच पाइपातून खाली परत जातं. त्यासाठी रेडिएटर पाइपाच्या बाजूला जरा झुकलेला लागतो. तो सरळ केला की पाणी आतच साचतं, आणि खालून धावत आलेली वाफ त्या पाण्यावर आदळते. तोच तो मसाला. मी चकत्या दुसऱ्या टोकाला लावल्या आणि नचिकेतला म्हणालो, "आता तिरका दिसेल. तसाच राहू दे."

"एम.टेक. आहे हो तो," काकू म्हणाल्या.

"म्हणूनच झालं," मेश्रामजी म्हणाले.

आठवड्याने काकूंचा फोन. "अहो दामले, रेडिएटर बरा झाला पण माझं दही बिघडलं." त्या रोज विरजण त्या रेडिएटरवर ठेवत होत्या. तो अर्धा आजारी होता तोवर कवडी पडत होती. धडधाकट झाल्यावर दही आंबट ढाण होऊ लागलं. मी त्यांना दुसऱ्या खोलीतला धाकटा रेडिएटर सुचवला. बॉयलरच्या कामात विरजणाचा सल्ला देणारा या राज्यात मी एकटाच असेन.

दुसरी जात गरम पाण्याच्या बॉयलरची. यात वाफ होऊच द्यायची नाही. पाणी उकळीच्या बरंच अलीकडे ठेवायचं आणि पंपाने घरभर फिरवायचं. शांत, सोशिक प्रकार. त्याचा एकच आजार, पोटात वायू. पाइपात हवा अडकली की वरच्या मजल्याचे रेडिएटर थंड पडतात. मग रेडिएटरच्या टोकाला एक छोटी पितळी किल्ली लावून ती हवा सोडायची. फुस्स करत हवा जाते, मग थेंब उडतात, की बंद. मी गिऱ्हाइकांना सांगायचो, घराला ढेकर काढायची. एडिसनच्या एका बाईंना मी ती किल्ली दिली आणि बजावलं की हरवू नका. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. पुढे त्यांच्याकडे सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. मी पुढच्या वर्षी गेलो तर किल्ली पिवळी आणि लाल. "काढू की नको काढू कळेना," बाई म्हणाल्या, "शेवटी गुरुजींनी वाहिलंय." तशाच किल्लीने मी ढेकर काढली.

तिसरी जात नवी. भिंतीवर टांगलेला, विमानात वर ठेवायच्या बॅगेएवढा डबा. घर तापवायचं पाणी आणि नळाचं गरम पाणी दोन्ही तोच करतो. जुने बॉयलर धुरातून बरीच ऊब चिमणीवाटे बाहेर घालवायचे. हा धुरातलीही ऊब काढून घेतो, इतकी की धूर जवळजवळ गार होतो, त्यातल्या वाफेचं पाणी होऊन टपकतं, आणि उरलेला धूर साध्या प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर जातो. थंडीत त्या पाइपाच्या तोंडाशी पांढरी वाफ दिसते. असाच एक डबा एका घरी अचानक बंद पडला. नवरा-बायको दोघंही आयटीत. माझ्या आधी त्यांनी डब्याचं सगळं पुस्तक वाचलं होतं आणि पडद्यावरच्या आकड्याचा अर्थही शोधला होता. "काका, एग्झॉस्ट ब्लॉक दाखवतोय, पण बर्फ नाही, काही नाही."

मी बाहेर जाऊन पाइपात हात घातला तर लोकरीचा मोजा निघाला.

सगळे मोज्याकडे पाहत राहिले. सहा वर्षांची नात म्हणाली, "आजोबा पुट इट. आय सॉ हिम."

साताऱ्याहून आलेले आजोबा अजिबात ओशाळले नाहीत. "मग काय करू? घरातली ऊब भसाभस बाहेर चालली होती. तुम्ही दोघं कॉम्प्युटरात डोकं घालून बसता, घराकडे बघायला नको कोणी?"

सुदैवाने त्या डब्याला अक्कल होती. धूर तुंबतोय म्हटल्यावर त्याने स्वतःच ज्योत बंद केली. नाहीतर तो धूर घरात पसरून जिवावर बेतलं असतं. आजोबांना मी हे सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले आणि मग म्हणाले, "हुशार आहे म्हणजे. आमच्या जावयापेक्षा."

जुन्या बॉयलरला एवढी अक्कल नसते. वाफेच्या बॉयलरचं सगळ्यांत मोठं भय म्हणजे त्यातलं पाणी संपणं. खाली ज्योत चालू आणि आत पाणी नाही, म्हणजे पातेलं कोरडं जाळणं. ओतीव लोखंड लाल होतं, तडकतं. आणि तशा लालबुंद लोखंडात कोणी घाबरून गार पाणी सोडलं तर त्याची एकदम वाफ होऊन स्फोट होऊ शकतो. म्हणून दोन राखणदार असतात. एक, बाहेरच्या बाजूला उभी काचेची नळी. आत जितकं पाणी तितकं काचेत दिसतं. ती माणसाने बघायची. दुसरा, पाण्यात बुडलेली एक बारीक सळी. पाणी तिच्याखाली उतरलं की ती ज्योतीची वीज तोडते. तिला आम्ही कटऑफ म्हणतो.

मेश्रामजींची काच मी कधीच मळलेली पाहिली नाही. नागपूरच्या एका गिरणीत ते फिटर होते. भावाने कागदपत्रं करून पन्नाशीत इकडे आणलं. इंग्रजी बेताचं, हात मात्र सोन्यासारखे. काचेवर निम्म्या उंचीला त्यांनी लाल दोरा बांधला होता. सकाळचा चहा घ्यायच्या आधी ते काच बघायचे, पाणी दोऱ्याखाली गेलं असेल तर हाताने नळ फिरवून दोऱ्याला आणायचे, आणि मग चहा. मी म्हणायचो, "मेश्रामजी, तुमचा बॉयलर तुमच्याआधी पाणी पितो."

"मग काय जी," ते म्हणायचे, "तो बी रात्रभर जागून राहते ना."

संक्रांतीचा दिवस होता. बॉयलर सुरू होईना म्हणून त्यांनी मला बोलावलं. दुपारी गेलो. कटऑफची सळी गाळाने माखली होती, त्यामुळे पाणी असूनही तिला वाटत होतं की नाही. दोष तिचाच आहे ना याची खात्री करायला मी आम्ही सगळे करतो तेच केलं. दोन्ही टोकांना चिमटे असलेली वितभर तार कटऑफच्या पेटीत तिच्या विजेच्या दोन टोकांना लावली. त्याला जंपर म्हणतात. म्हणजे राखणदाराला बाजूला काढून वीज सरळ पुढे सोडायची. ज्योत लगेच पेटली. निदान झालं. आता सळी साफ करून बसवायची आणि जंपर काढायचा.

जंपर विसरू नये म्हणून माझ्या पहिल्या बॉसने, एका आयरिश म्हाताऱ्याने, मला एक सवय लावली होती. जंपर लावला की गाडीची किल्ली त्याच चिमट्याला अडकवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणजे जंपर विसरून जाता येत नाही. सव्वीस वर्षं मी हे पाळलं होतं.

त्या दिवशी किल्ली मेश्रामजींकडे होती. रस्ता झाडणारी गाडी येणार होती, ती झाडणार त्याच बाजूला माझी व्हॅन उभी होती, आणि मला काम सोडावं लागू नये म्हणून ते म्हणाले, "द्या किल्ली, मी लावतो तिकडं." मी दिली.

मी सळी साफ करून बसवली. तेवढ्यात देशपांडे काकूंचा फोन. "दामले, हळदीकुंकू आहे, बायका यायच्या आत या. मेश्रामांनाही आणा. तिळगूळ घेतल्याशिवाय इमारतीतून जायचं नाही." वाफ वर नीट पोचतेय का ते बघायला मला तिसऱ्या मजल्यावर जायचंच होतं. तारांना कोणाचा हात लागू नये म्हणून मी पेटीवर झाकण ठेवलं आणि वर गेलो.

वर काय मजा होती. गुळाच्या पोळ्या, त्यांवर तुपाचा गोळा. नचिकेत आईचा हलव्याचा डबा लपवत होता. मेश्रामजी आले, माझी किल्ली माझ्या हातात दिली, वर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "गोड बोला जी." काकू म्हणाल्या, "मेश्राम, तुम्ही तर कायमच गोड बोलता, या दामल्यांना सांगा." तासभर गेला. पुढच्या घरून दोन फोन येऊन गेले होते.

खाली आलो. ज्योत छान जळत होती. पेटीवर झाकण होतं. हाताला जी सवय असते ती अशी की झाकण लागलं म्हणजे काम संपलं. मी कागद काढला, "कटऑफ तपासला, ठीक" असं लिहून सही केली, तो बॉयलरला बांधला आणि गेलो.

दोनेक आठवड्यांनी एका सोमवारी सकाळी मेश्रामजींचा फोन. आवाज बारीक. "काच रिकामी आहे जी. मी बटन बंद केलं. पाणी नाही टाकलं. तुम्ही या."

रविवार त्यांच्या सुटीचा. ते पत्नीसह भावाकडे मुक्कामाला गेले होते, सकाळीच परतले होते. फरशीखालून परत येणारा जुना पाइप मधल्या काळात फुटला होता आणि पाणी जमिनीत जिरून गेलं होतं. तसं झालं तर ज्योत आपोआप विझावी म्हणूनच तर कटऑफ असतो. मी पेटीचं झाकण काढलं. माझी तार तिथेच होती, दोन्ही चिमटे लावलेली.

मेश्रामजी जिन्यात मालकाला घ्यायला गेले होते. मी तार काढून खिशात घातली. यावर मी पुष्कळ वर्षं विचार केला आहे. विसरणं तासाभराचं होतं. हे मात्र मी पूर्ण शुद्धीवर केलं.

मालक आला. बॉयलर तीन ठिकाणी तडकला होता. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, वर सहा बिऱ्हाडं. त्याने मला विचारलं, "कशाने झालं?"

मी म्हणालो, "तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी गेलं की असं होतं."

"पण कटऑफ?"

"मी तपासला होता. कागद आहे."

मालक मेश्रामजींकडे वळला. त्यांनी त्यांच्या तोडक्या इंग्रजीत सांगितलं की पाणी घातलं नाही. मग माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. मी पुढे काहीतरी बोलेन अशी वाट पाहत असल्यासारखं. मी हत्यारं आवरू लागलो. त्यांच्या बाजूचा पुरावा आमच्या पायाखाली होता. लाल लोखंडात पाणी घातलं असतं तर ते तड्यांतून बाहेर येऊन सगळी फरशी ओली झाली असती. फरशी कोरडी ठणठणीत होती. ते कळणारा त्या तळघरात मी एकटाच होतो.

नवा बॉयलर मीच बसवला. चार दिवस लागले. बिऱ्हाडांनी विजेच्या शेगड्यांवर काढले. महिन्याच्या आत मेश्रामजींना काम आणि त्या दोन खोल्या सोडाव्या लागल्या. नचिकेतने मला विचारलंही, "काका, मेश्राम काका असं करतील?" मी म्हणालो, "घाबरला की माणूस करतो." ते वाक्य मंडळात फिरलं. पुढे दोन-तीन इमारतींत त्यांनी सुपरच्या कामासाठी विचारलं, तिथेही ते त्यांच्या आधी पोचलं होतं. माझ्या बोलण्यावर लोकांनी लगेच विश्वास ठेवला आणि त्यांच्यावर ठेवला नाही, यात आमच्या आडनावांचा किती भाग होता, मला माहीत नाही. अजिबात नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही.

ते मुलीकडे, जॉर्जियात अल्फारेटाला निघून गेले. मी आणखी तीन वर्षं काम केलं. कोणत्याही घरून निघताना पेटी पुन्हा उघडून बघायचो. गिऱ्हाइकं म्हणायची, काका फार काळजी घेतात.

माझ्या निवृत्तीनंतर माझा भाचाही अल्फारेटात गेला, आणि चार वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो असताना मी मनाचा हिय्या करून मेश्रामजींच्या मुलीचं, सुजाताचं, घर शोधलं. गाडीत बसून तीन वाक्यं पाठ केली. बेल वाजवली.

"या जी, दामले साहेब." मला वाटलं होतं ते म्हातारे, खचलेले दिसतील. ते मातीने भरलेले हात घेऊन परसातून आले होते. मागे वांगी, मिरच्या, अंबाडी. निम्म्या गल्लीला ते भाजी वाटत होते. शेजारच्या गोऱ्या म्हातारीला त्यांनी झुणका खायला शिकवला होता. मेश्राम वहिनींनी भाकरी टाकल्या. मी घरात सवयीने इकडेतिकडे पाहू लागलो तेव्हा ते हसले. "नका शोधू जी. इथं बॉयलर नाही. छतातून वारा येते. तुमचं काही काम नाही इथं."

"बरंच आहे की मग," मी म्हणालो.

"पहायले काच बी नाही. सकाळी उठलो की काय पहावं समजत नाही मले."

जेवताना आम्ही देशपांडे काकूंच्या दह्यावर हसलो, नचिकेतच्या चकत्यांवर इतके हसलो की वहिनींना ठसका लागला. मग ते भाकरीचा तुकडा हातात धरून थांबले.

"एक विचारू का, साहेब? तुम्ही कटऑफ तपासला होता. कागदावर लिहून होतं. म्हणजे पाणी गेल्यावर तो बंद व्हायलेच पाहिजे होता. मंग झालं कसं? मी लय विचार केला. आता मले असं वाटते, घाबरून मीच पाणी टाकलं असन आणि मले आठवत नसन."

वहिनी म्हणाल्या, "अजून तेच घेऊन बसतात. मी म्हणते, सोडा आता."

मी म्हणालो, "मेश्रामजी, मला तेच सांगायचंय." तीन वाक्यांतलं पहिलं तोंडात होतं. तेवढ्यात सुजाता मुलांना घेऊन आली, मुलं आजोबांच्या अंगावर चढली, कोणीतरी टोमॅटो तोडायला त्यांना परसात ओढत नेलं. मी त्यांच्या मागे जाऊ शकलो असतो. परस काही दूर नव्हता. मी माझी भाकरी संपवली. निघताना त्यांनी पिशवीभर वांगी दिली आणि दारापर्यंत आले. मी म्हणालो, "पुढच्या वेळी बोलू." ते म्हणाले, "हो जी, निवांत."

गेल्या वसंतात मेश्रामजी गेले. हा मजकूर अंकाला देण्यापूर्वी मी सुजाताला पाठवला. दोन दिवस तिने उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. "काका, मला अजून तुमच्याशी बोलवत नाही. पण छापा. नाव बदलू नका. आईला मी वाचून दाखवलंय."

म्हणून नाव बदललेलं नाही. ती पाठ केलेली तीन वाक्यं अशी होती; शेवटचं चौथं त्या जेवणानंतर जोडलेलं आहे.

मेश्रामजी, त्या सकाळी तुम्ही बॉयलरला हातही लावला नाही. बटण बंद केलंत आणि मला बोलावलंत, शिकलेल्या माणसाने करावं तेच. कटऑफला माझी तार लागलेली होती, ती मी लपवली आणि खोटं बोललो. तुमची आठवण चोख आहे, माझ्या कागदापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा, आणि जमलं तर मला क्षमा करा.